बंद अ‍ॅम्पची शिट्टी

४ जानेवारी

अ‍ॅम्प दुरुस्त होऊन घरी आला आणि मी ही डायरी लिहायला घेतली. कारण सरळ आहे. पुढे भांडणाची वेळ आली तर काय कधी झालं ते आपल्याकडे लिहिलेलं असावं. तोंडी गोष्टींना लोक फाटे फोडतात.

हा गिटारचा अ‍ॅम्प म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारं खोकं. मी तो तरुणपणी घेतला. जुन्या धाटणीचा आहे. आत काचेचे व्हॉल्व्ह, ते तापल्याशिवाय आवाज उघडत नाही. वजन असं की एकट्याने उचलला तर कंबर धरते, म्हणून नेआण करायला मेहुणा लागतो. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. आमच्या ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवतो. मध्यंतरी अ‍ॅम्प खरखरायला लागला तेव्हा दुरुस्तीवाला त्यानेच सुचवला होता. हेही इथे नोंदवून ठेवतो.

लावला, तापू दिला, तार छेडली. खोकं तेच, आतला माणूस दुसरा. पूर्वी या आवाजाला दात होते. रॉकचा टोन चावला पाहिजे, पण रक्त येता कामा नये. आता हा अ‍ॅम्प कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखा बोलतो. कवळ्या बनवणं हाच माझा धंदा असल्यामुळे मला हा फरक चांगला कळतो.

ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार वाढवायचं बटण, मी आजवर पाचच्या पुढे नेलं नव्हतं. आज आठवर ठेवलं तरी समाधान नाही. आमचा बोका नेहमी तापलेल्या अ‍ॅम्पवर झोपतो, तोसुद्धा मी वाजवायला लागल्यावर उठून स्वयंपाकघरात गेला. जनावराला बरोबर वास लागतो.

आणखी एक. अ‍ॅम्प बंद केल्यावरही आतून बारीक शिट्टी येत राहिली. प्लग काढला तरी येत होती. व्हॉल्व्ह गार होत असतील म्हणून सोडून दिलं. पण जेवण होऊन भांडी आवरली तरी शिट्टी होतीच.

७ जानेवारी

मेहुण्याला बरोबर घेऊन अ‍ॅम्पसकट दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सरळ विचारलं, "स्पीकर बदललास का?"

"काका, स्पीकर तुमचाच आहे. मागे शिक्का आहे बघा."

शिक्का बघितला. फार स्वच्छ होता. इतकी वर्षं धूळ खाल्लेल्या स्पीकरचा शिक्का असा आंघोळ घातल्यासारखा असतो का? मी तसं म्हणालो तर म्हणतो, मीच पुसला. मग शिट्टीचं सांगितलं.

"प्लग काढल्यावर?" त्याने दोनदा विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मग त्याने माझ्यासमोर अ‍ॅम्प लावला, स्वतः गिटार घेतली, एक सूर वाजवला आणि लगेच ट्रेबल खाली आणलं. "एवढं टोचरं ठेवता, काका?" म्हणाला. म्हणजे मला फरक कळू नये म्हणून आधीच झाकाझाकी. ताकही फुंकून प्यायचं ठरवलं आहे.

१२ जानेवारी

धडधड्याच्या लाकडाच्या गोदामात तालीम. धडधड्या आमचा ड्रमवाला. चौथ्या बाईसाहेब. त्या गातात आणि आम्हा तिघांना शिस्त लावतात. मार्चमध्ये क्लबच्या थिएटरात कार्यक्रम आहे. आजवर आम्ही दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. या वेळी सगळी आमची आहेत, आणि शेवटचं माझं. त्यात शेवटी गिटार एकटीच वाजते, बाकी सगळे थांबतात. त्या जागेसाठी मी जगतोय म्हटलं तरी चालेल. तिथे टोन गोधडीखालून आल्यासारखा लागला तर सगळ्यावर पाणी.

ट्रेबल नऊवर ठेवलं. थोड्या वेळाने बघतो तर बाईसाहेबांच्या कानात कापूस.

"सर्दी झालीये," म्हणाल्या. सर्दीला कापूस नाकात घालतात असा माझा समज होता.

पाणी प्यायला बाहेर जाऊन आलो, तर बटण पाचवर. कोणी हात लावला विचारलं. तिघांचे चेहरे धुतल्या तांदळासारखे. धडधड्या वर म्हणतो, "नाचता येईना अंगण वाकडं." मेहुणा हसला नाही. हसायला हवं होतं. जो एरवी कशालाही हसतो तो हसत नाही तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय.

चहाच्या वेळी क्लबचा विषय निघाला. सुरुवातीला तिथले म्हातारे व्हायोलिनवाले मास्तर वाजवणार आहेत. त्यांना हल्ली सूर लागत नाही, कारण ऐकूच कमी येतं. मी स्पष्ट सांगितलं, ज्याला ऐकू येत नाही त्याने वाद्याला हात लावू नये, आपणहून उठून जावं. कोणी काही बोललं नाही. म्हणजे पटलं असावं. घरी येऊन हिलाही सांगितलं. तिनेही मान्य केल्यासारखं खाली बघितलं.

१६ जानेवारी

लॅबमध्ये आज कवळीचा अख्खा घाणा वाया गेला. साचे गरम पाण्यात ठेवल्यावर टायमर लावतो. तो वाजलाच नाही. हिरड्यांचं गुलाबी प्लास्टिक स्पंजासारखं फसफसलं. भागीदार म्हणतो, वाजला की, मी जिन्यावरून ऐकला.

"मग वर आला का नाहीस?"

"तू तिथेच उभा होतास म्हणून."

मी तिथेच उभा होतो हे खरं आहे. म्हणूनच सांगतो, वाजला नाही. आता भागीदाराला माझी नाचक्की करून काय मिळणार ते अजून कळलेलं नाही, पण लक्ष ठेवायला हवं. दुपारभर ग्राइंडरवर बसून पुन्हा सगळं घासलं. परवा कोणीतरी विक्रेता कानात घालायची स्पंजची बोंडं घेऊन आला होता. त्याला मी वाटेला लावलं. तोंडाला मास्क लावतो तेवढा पुरे. धूळ काही कानातून आत जात नाही.

शिट्टी आज लॅबमध्येही आली. अ‍ॅम्प घरी आणि शिट्टी इथे. सकाळी बराच वेळ अ‍ॅम्पपाशी बसलो होतो, तीच कानात बसली असणार.

२५ जानेवारी

ठरवलं की आपल्या अ‍ॅम्पशी दुसरे अ‍ॅम्प ताडून बघायचे. स्वतःची गिटार, स्वतःची वायर आणि तोच एक सूर घेऊन वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार जुन्या ओळखीचा.

पहिला काळा, भलामोठा, लोखंडी कपाटाएवढा. आवाज भरपूर, धार नाही. दुसरा व्हॉल्व्हचा, आमच्या अ‍ॅम्पचा नातू शोभावा असा. त्याची कीर्ती ऐकून होतो. तोही मंद. ट्रेबल पूर्ण फिरवलं. दुकानदार फोन आला म्हणून फुटपाथवर जाऊन उभा राहिला. फोन खिशातच होता, मी काचेतून बघितलं. तिसरा कॉम्प्युटरवाला, ज्याच्यात जगातले सगळे अ‍ॅम्प भरलेत म्हणतात. मग माझा टोन तेवढा कसा भरला नाही?

निष्कर्ष असा की हल्ली चांगला माल बनवतच नाहीत. स्पीकरच्या कागदापासून सगळीकडे काटकसर. लोकांना मोबाइलवर गाणं ऐकायची सवय लागली, त्यांना कसली धार आणि कसलं काय. दुकानदार आत आला तेव्हा त्याला हे सांगितलं. त्याने चहा मागवला आणि घरी सगळे कसे आहेत ते विचारलं. या माणसाने आजवर कधी माझ्या घरचं विचारलेलं नाही.

२ फेब्रुवारी

ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. पूर्वी खणखणीत बोलायची. शिवणाच्या मशिनीवर बसली की तिचं एक अक्षर कळत नाही, आणि पुन्हा विचारलं की म्हणते, "जाऊ द्या." नवराबायकोत इतकं काय जाऊ द्यायचं असतं?

संध्याकाळी मेहुणा आला. दोघं बहीणभाऊ स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी दाराशी गेलो तेव्हा फक्त ओठ हलताना दिसले. मी खाकरलो. ही म्हणाली, "अहो, पडद्याच्या कापडाचं बोलत होतो." मेहुण्याला पडद्यात कधीपासून रस?

मला वाटतं ते माझ्या जागी दुसरा गिटारवाला बघतायत. कार्यक्रमाच्या आधी अ‍ॅम्प बिघडवायचा, मला वैतागू द्यायचं, मी चिडून सोडलं की नवा आणायचा. बेत चांगला आहे. मी चिडणार नाही.

९ फेब्रुवारी

मेहुणा सकाळीच येऊन अ‍ॅम्प घेऊन गेला. शेजाऱ्याला मदतीला घेतलं. "तुम्ही सावकाश या, भाऊजी." ज्याला स्वतःचं खोकं उचलायचा कंटाळा तो माझ्यासाठी पहाटे उठतो, म्हणजे साखर पेरणं चालू आहे.

तालमीत आणखी नवल. मी ट्रेबल थेट दहावर नेलं. कोणी बटणाला हात लावला नाही. बाईसाहेबांच्या कानात कापूस नाही. सर्दी बरी झाली म्हणे. माझं गाणं संपल्यावर तिघांनी टाळ्या वाजवल्या. धडधड्या म्हणाला, "आज बसला टोन." मला तर काही बसल्यासारखं वाटलं नाही. होता तसाच होता.

घरी परत आल्यावर अ‍ॅम्प चालू करून वाजवायला बसलो. बोका आला, वास घेतला आणि वर चढून झोपला.

१६ फेब्रुवारी

आजच लिहायला हवं.

शिट्टीचा एकदा निकाल लावावा म्हणून मी स्वतःच अ‍ॅम्प उघडला. पुढची कापडी जाळी काढली. आत स्पीकरच्या तोंडावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक जाड चकती बसवलेली. चार बाजूंनी नाडी घालून नीट बांधलेली.

नमदा मी ओळखतो. कवळ्यांना चकाकी आणायला लॅबमध्ये असाच पांढरा नमदा येतो. म्हणजे भागीदार. चकती उसवू नये म्हणून कडेने काजाचा टाका घातलेला होता, जांभळ्या दोऱ्याने. जांभळा दोरा आमच्या घरात आहे, आणि तसा बारीक, एकसारखा टाका या घरात एकच हात घालतो. बांधलाय मेहुण्याने. त्याची गाठ नेहमी उलटी असते.

सगळे सामील. कुंपणच शेत खातंय.

चकती टेबलावर ठेवली आणि हिला हाक मारली. ती बघून घाबरेल, काहीतरी सारवासारव करेल असं वाटलं होतं. तिने चकती उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि खुर्चीवर बसली.

"मीच शिवली," म्हणाली. या वेळी स्पष्ट, माझ्याकडे तोंड करून. "तुमचा आवाज लोकांना सोसत नाही हो. टोचतो. बाईसाहेबांचे कान दुखायचे. बटण खाली केलं की तुम्ही वर करता. मग माझा भाऊ म्हणाला, आतच काहीतरी लावू."

"दुरुस्तीवाल्याने स्पीकर बदललाय, तो टोचेल नाहीतर काय?"

"स्पीकर तोच आहे."

"मग मला का टोचत नाही?"

डोळे भरून आले होते तिचे. गुन्हा पकडला गेला की येतात.

१८ फेब्रुवारी

घरात अबोला. मी ठरवलं, समोरासमोर परीक्षा घ्यायची. मेहुण्याला बोलावलं. दोन खोल्यांच्या मध्ये चादर टांगली. पलीकडे अ‍ॅम्प, मेहुणा माझीच गिटार घेऊन, आणि ही. ती चकती कधी लावणार, कधी काढणार. मेहुणा तोच सूर वाजवणार. मी इकडे बसून सांगणार, चकती आहे की नाही. एवढा फरक पडतो तर मला ओळखता आलाच पाहिजे.

पहिल्यांदा म्हणालो, आहे. दुसऱ्यांदा, आहे. तिसऱ्यांदा, आहे. मग मला राग आला. "तुम्ही ती काढतच नाही आहात," मी म्हणालो. "मला मूर्ख समजता?"

"काढतेय हो," चादरीमागून ही म्हणाली.

बोका अ‍ॅम्पवर झोपला होता, तो एकदम चादरीखालून बाहेर आला आणि माझ्या पायावरून पलीकडे पळाला. थोड्या वेळाने परत गेला. पुन्हा सूर वाजला. बोका आला नाही. पुढच्या सुराला पुन्हा धावत बाहेर, कान मागे पाडून. मी अंदाज बांधणं सोडलं आणि त्याच्याकडेच बघायला लागलो. तो पळाला की मी म्हणायचो, नाही. तो थांबला की म्हणायचो, आहे.

"बरोबर," मेहुणा म्हणाला. "बरोबर, भाऊजी. बरोबर."

त्यांना वाटलं मला ऐकू आलं. मला प्रत्येक वेळी तोच, एकच सूर ऐकू येत होता. मेहुण्यावर माझा विश्वास नाही, हिच्यावरही गेले काही दिवस नव्हता. पण बोका कोणाच्या बाजूचा नसतो.

मी म्हणालो, पुरे. चादर काढली नाही. तिच्या अलीकडेच बसून राहिलो. मला भीती वाटली. सरळ लिहितो, खूप भीती वाटली.

२० फेब्रुवारी

कानाचा दवाखाना. ही बरोबर होती. मला एका काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला आले, दाबलं. मग मध्ये बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत होतो. काचेतून बघितलं तर तपासणाऱ्या बाई आपलं काम करतच होत्या. त्यांच्या मागे ही उभी. मी खुणेने सांगितलं, यंत्र बंद पडलंय.

बाहेर आल्यावरही तेच म्हणालो. त्या बाई म्हणाल्या, "यंत्र चालूच होतं, काका. तुम्हाला वरचे बारीक आवाज येत नाहीत. कामाच्या ठिकाणी काही गोंगाट असतो का?" ग्राइंडर आणि गिटार, दोन्ही सांगितलं. त्यांनी मान हलवली. शिट्टी अ‍ॅम्पमध्ये नाही, कानातच आहे म्हणाल्या. आणि गेलेलं परत येणार नाही, असलेलं सांभाळा. ग्राइंडरवर बसताना कान झाकायचे, कानाच्या यंत्राचंही बघू.

टायमर आठवला. दुकानदार आठवला. दुरुस्तीवाल्याला जवळजवळ चोर म्हटलं होतं. त्याच्याकडे जायला हवं. अजून धीर होत नाही.

रस्त्यात मी हिला म्हणालो, "आधी का नाही बोललीस?"

ती थांबली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणजे मला तोंड दिसावं. आता लक्षात येतंय, ती बरेच दिवस अशी समोर येऊन बोलते. "त्या मास्तरांचं काय म्हणाला होतात? ऐकू येत नाही त्याने वाद्याला हात लावू नये. घरी येऊन मला दोनदा सांगितलंत. मग मी सांगितलं असतं तर तुम्ही लावला असता?"

नसता लावला. त्याच दिवशी गिटार खोक्यात घातली असती आणि वर सगळ्यांना ऐकवलं असतं की मी माझा शब्द पाळला.

"मला तुम्ही वाजवायला हवे आहात," ती म्हणाली. "बाकी मला टोनबिनमधलं काही कळत नाही."

१ मार्च

तालीम. तिघांना मीच सांगितलं. धडधड्या म्हणाला, "आम्हाला माहीत होतं." बाईसाहेबांनी त्याला कोपर मारलं. मेहुणा माझी वायर गुंडाळत बसला. मी अजूनही म्हणतो की त्याने मला येऊन सांगायला हवं होतं. पण बहिणीने शपथ घातली होती म्हणे. या बहीणभावांचं काही खरं नाही.

चकती काढून टाकली. झाकून वाजवायचं असेल तर न वाजवलेलं बरं. हिला गोदामाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, लाकडाच्या ढिगाऱ्याजवळ. सांगितलं, टोचलं तर तळहात खाली कर. गोड लागलं तर हात छातीशी घे. मंद झालं तर वर.

"मला काय कळणार त्यातलं?"

"टोचलेलं कळतं ना? मग झालं."

मी ट्रेबल फिरवत गेलो. माझ्यासाठी आठ, सहा, चार सगळं सारखंच. तिचा हात मात्र खाली, खाली, खाली येत गेला. साडेतीनवर तिने तो छातीशी घेतला आणि डोळे मिटले. मी बघत राहिलो. इतकी वर्षं ही बाई माझं वाजवणं ऐकते, पण ऐकताना कशी दिसते ते मी कधी बघितलंच नव्हतं. मान कायम तारांवर.

एकदा मुद्दाम, तिचं लक्ष नसताना, साडेचार केलं. बघावं म्हटलं, उगीच हात हलवते की काय. हात लगेच खाली आला.

१५ मार्च

कार्यक्रम झाला.

मास्तरांनी आधी व्हायोलिन वाजवलं. सूर हलत होता. मी विंगेतून ऐकलं, म्हणजे जेवढं येतं तेवढं. संपल्यावर पाया पडलो. त्यांना नवल वाटलं.

थिएटर भरलं होतं. माणसं भरली की आवाज बदलतो, गोदामातला आकडा इथे चालत नाही. ही कडेच्या वाटेत उभी होती, भिंतीला टेकून. मागच्या कोणीतरी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. पहिल्या गाण्याला हात खाली. मी कमी केलं. दुसऱ्याला किंचित वर. तिसऱ्यापासून हात छातीशी.

मग माझं गाणं. सगळे थांबले आणि मी एकटा राहिलो. शिट्टी होती, गिटार होती, आणि गिटारची ती वरची कडा, जिच्यासाठी मी दुकानातल्या तीन अ‍ॅम्पना आणि एका गरीब दुरुस्तीवाल्याला नावं ठेवली, ती माझ्याकडे नव्हती. संशयी माणसाने करू नये ते केलं. मान वर केली आणि शेवटपर्यंत तिच्या हाताकडे बघत वाजवलं. हात हलला नाही.

टाळ्या बऱ्याच झाल्या असाव्यात, लोक उभे होते. दुरुस्तीवालाही आला होता. त्याला मेहुण्याने बोलावलं असणार, त्याचा हिशेब नंतर बघू. तो स्टेजपाशी आला आणि काहीतरी म्हणाला. मी म्हणालो, "समोर येऊन बोल, मला कमी ऐकू येतं." पहिल्यांदाच हे वाक्य परक्या माणसासमोर बोललो. तो समोर आला.

"काका, हा टोन काय होता?" म्हणाला.

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "हिला विचार."